पहिला मान हिराताईंचा

पद्मजा मेहेंदळेला लाज वाटायला लागली ती टाळ्या पडल्यानंतर. लाजेने अशी वेळ साधून यावं, हेच मुळात संशयास्पद आहे. ती थोडी आधी आली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण आधी पद्मजा फक्त चांगली वागली होती. चारचौघांत, गोड आवाजात, मोठ्यांचा आब राखून. शनिवार पेठेत वाढलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील, हा वायटूकेचा बागुलबुवा येऊन गेला होता आणि पुण्यात घरटी एक माणूस तरी ‘कॉम्प्युटरमध्ये’ होता, तेव्हाची ही गोष्ट. पद्मजाची कंपनी कर्वे रस्त्याच्या मागे एका भाड्याच्या बंगल्यात होती. दिवाणखान्यात प्रोग्रामर, झोपायच्या खोलीत मालक, आणि स्वयंपाकघरात, जिथे गॅसची शेगडी असायची तिथे ओट्यावर सर्व्हर. मालक म्हणजे सर्जेराव भोईटे. त्यांची उमेदीची वर्षं भोसरीत पाण्याचे पंप बनवण्यात गेली होती, आणि सॉफ्टवेअर हाही एक पंपच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस वाईट नव्हता. घाईत मात्र कायम असायचा.

ऑफिसात सगळ्यात जुन्या होत्या हिरा रणपिसे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, त्यामुळे लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, बापाने मुलीला इंजिनियर केलं, आणि मुलीने विश्रांतवाडीत स्वतःच्या पैशाने फ्लॅट घेतला. डिग्री पहिल्या वर्गाची. तरी ऑफिसात कोणी नवीन आलं की दोनचार दिवसांत चहाच्या टपरीवर ‘त्या कोट्यातून ना?’ अशी कुजबुज व्हायचीच. पद्मजाने तसं कधी म्हटलं नाही. ऐकलं मात्र होतं, आणि ऐकता ऐकता चहा संपवला होता.

वास्तविक पद्मजाला हे काम शिकवलं हिराताईंनीच. कॉम्प्युटरच्या पोटात लाखो माणसांची माहिती भरलेली असते. तिच्यातून हवं तेवढं काढायला त्याला जो प्रश्न घालायचा, तो म्हणजे क्वेरी. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारता येतो. एका तऱ्हेने विचारला तर उत्तर चुटकीसरशी येतं, दुसऱ्या तऱ्हेने विचारला तर माणसं ताटकळतात. कुठली तऱ्हा बरी, हे ओळखणं हीच कारागिरी.

‘‘घड्याळावर जाऊ नकोस,’’ हिराताई म्हणायच्या. ‘‘घड्याळ खोटं बोलतं. डिस्क म्हणजे माळा आणि मेमरी म्हणजे ओटा. पहिल्यांदा डबे माळ्यावरून काढायला वेळ जातो. दुसऱ्यांदा तेच डबे ओट्यावर असतात, मग कोणीही चटकन स्वयंपाक करेल. म्हणून वेळ नाही मोजायचा. तुझ्या क्वेरीने डबे किती काढायला लावले, ते मोज.’’

पद्मजा हे डोक्यात ठेवायची. पोरगी हुशार होती, यात वाद नाही.

मग हॉलंडचं काम आलं. तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या क्वेरी रखडत होत्या, त्या पळवायला पुण्यात एक वेगळा गट उभा करायचा होता. त्या गटाला एक प्रमुख हवा होता. प्रमुखाने आधी सहा महिने तिकडे जायचं आणि परत येऊन इथली सूत्रं हातात घ्यायची. ऑफिसच्या हिशेबाने ती जागा हिराताईंची होती. पण याआधीही दोनदा ऑफिसच्या हिशेबाने जागा त्यांची होती, आणि दोन्ही वेळा भोईटे सरांनी ‘पुढच्या वेळी तुम्हीच’ असं म्हणून दुसऱ्याला पाठवलं होतं. या खेपेला त्यांनी न्याय करायचं ठरवलं. न्याय म्हणजे त्यांच्या भोसरीच्या पद्धतीचा. दोन पंप शेजारी शेजारी लावायचे आणि कुठला जोरात पाणी ओढतो ते बघायचं.

एक पंप हिराताई, दुसरा पद्मजा.

पाणी ओढायला विहीरही मिळाली. आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या पुढे एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे खिडकीवर पेशंटने नाव सांगितलं की कारकून बाई ते कॉम्प्युटरवर टाकायची आणि जुना केसपेपर शोधायची. शोधायला फार वेळ लागायचा आणि रांग फाटकाबाहेर जायची. दोघींनी आपापली क्वेरी लिहायची आणि दवाखान्याच्या ट्रस्टी डॉक्टरांसमोर ती चालवून दाखवायची. जिची जलद, ती प्रमुख.

आदल्या संध्याकाळी पद्मजा रंगीत तालीम करत बसली होती. आधी स्वतःची क्वेरी चालवली, नंतर दवाखान्याची जुनी. मग उलटं केलं. आणि तिच्या ध्यानात आलं की कोणतीही आधी चालवा, तिला वेळ लागतो आणि मागून येणारी सुसाट सुटते. माळ्यावरचे डबे पहिलीने काढायचे आणि ओट्यावरचे दुसरीने वापरायचे. पद्मजाने हे पाहिलं, मशीन बंद केलं आणि घरी जाऊन भरली वांगी खाल्ली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. स्वतःलाही नीटशी सांगितली नाही. पण ठाऊक होतं. उगाच आडपडदा नको.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर आले, भोईटे सर आले. सर्व्हर सांभाळणारा रोहन म्हणाला, ‘‘सर, मशीन फ्रेश रीस्टार्ट केलंय. नो पार्शॅलिटी.’’ म्हणजे ओटा अगदी लख्ख, एकही डबा वर नाही.

‘‘बरं, मग आधी कोणाची?’’ भोईटे सरांनी विचारलं.

आणि पद्मजा उठून उभी राहिली. तोंडभर हसून म्हणाली, ‘‘सर, हे काय विचारणं झालं? हिराताई मोठ्या आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकले. पहिला मान हिराताईंचा.’’

पहिला मान देण्याची आमच्याकडे एक खास हातोटी असते. पद्मजाच्या आईच्या हळदीकुंकवात ती बघायला मिळायची. जिला नंतर फारसं विचारायचं नाही तिला आधी पाटावर बसवायचं, तोंडभर ‘या या’ करायचं, म्हणजे पुढे काही राहिलं तरी बोलायला जागा उरत नाही. ती हातोटी मुलीच्या जिभेवर आपसूक उतरली. खोलीतली सगळी माणसं कौतुकाने हसली. डॉक्टर तर ‘‘वा, संस्कार आहेत,’’ असंही म्हणाले.

हिराताईंनी तोंड उघडलं होतं. काहीतरी म्हणायच्या बेतात होत्या. मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चेहरा असा काही उजळला की पद्मजाला तो नवाच वाटला, आणि त्या पुढे होऊन खुर्चीत बसल्या.

त्यांची क्वेरी चालली. पडद्यावर काही येईना. डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला, बिस्किट बुडवलं, ते खाल्लं. मग नाव आलं. ‘‘आधीपेक्षा बरंच बरं आहे,’’ डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले.

मग पद्मजा बसली. तिने बटण दाबलं आणि हात उचलायच्या आत नाव हजर. रोहन ओरडला, ‘‘सॉलिड! एकदम झटक्यात!’’ टाळ्या पडल्या. भोईटे सरांनी तिथल्या तिथे प्रमुख जाहीर केली आणि पेढे मागवले. हिराताईंनी पडद्याकडे क्षणभर पाहिलं, पद्मजाकडे पाहिलं, ‘‘अभिनंदन,’’ म्हणाल्या आणि पेढा घेतला. खाल्ला नाही, हातात धरून जागेवर गेल्या.

तेव्हा पद्मजाचे कान तापले.

पुढचे दिवस तिने स्वतःची समजूत घालण्यात घालवले. समजूत अशी की क्रम उलटा असता तरी आपणच जिंकलो असतो, कदाचित थोडक्यात जिंकलो असतो एवढंच. हे तपासून पाहणं अगदी सोपं होतं. सर्व्हर बंद करून चालू करायचा, आपली आधी चालवायची. ती ओट्याशी दोनदा गेली आणि दोनदा पाणी पिऊन परत आली. घरी आईने अख्ख्या गल्लीला हॉलंडचं सांगून टाकलं होतं. शेजारच्या काकू जिन्यात अडवून विचारायच्या, ‘‘काय गं, थंडी फार असते म्हणे तिकडे?’’ पद्मजा हसायची. हल्ली तिला हसताना गाल दुखायचे.

रोहन तिची क्वेरी दवाखान्यात बसवून आला, आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. ‘‘अहो, ते तुमचं झटक्यात वगैरे तुमच्या बंगल्यातच राहिलेलं दिसतंय. आमच्याकडे सकाळी ते मूग गिळून बसतं.’’

पद्मजा स्कूटर काढून दवाखान्यात गेली. ही तिची तिथली पहिलीच खेप. क्वेरी तिने कर्वे रस्त्यावर बसूनच लिहिली होती.

रांग फाटकाबाहेर गेली होती. खिडकीपाशी मुक्ताई नावाची एक म्हातारी उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. पलीकडे चंपा नावाची कारकून कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसली होती.

‘‘पोरी, नाव सांगू सांगू त्वांड दुखाया लागलं,’’ मुक्ताई म्हणाली. ‘‘आन् मशीन झोपलंय का जागं हाय?’’

‘‘शोधतंय आजी,’’ चंपा म्हणाली. मग पद्मजाकडे वळून, ‘‘मॅडम, दहानंतर पळतं हो तुमचं. वाऱ्यासारखं पळतं. पण गर्दी असते दहाच्या आधी.’’

‘‘दहाच्या आधी काय होतं?’’

‘‘होतं कुठलं काय. रात्री आम्ही मशीन बंद करतो ना. विजेचं बिल कोण भरणार? सकाळी चालू करतो.’’

इथे रोज सकाळी ओटा लख्ख असायचा. इथे रोज सकाळी पहिला नंबर कोणातरी म्हातारीचा लागायचा आणि पहिलेपणाचा भुर्दंड तिनेच सोसायचा. आणि पद्मजाची क्वेरी तर उत्तरासाठी माळ्यावरचे झाडून सगळे डबे खाली काढायला लावणारी होती. बंगल्यातल्या दांडग्या मशीनवर हिराताईंनी मागितलेल्या थोड्या डब्यांसोबत शेजारचे सगळेच आधी ओट्यावर येऊन पडले होते, मग ती सुसाट धावली होती यात नवल नव्हतं.

‘‘त्या रणपिसे मॅडमना सांगितलं होतं मी,’’ चंपा पुढे म्हणाली. ‘‘त्या आल्या होत्या ना, तुमच्या त्या परीक्षेच्या आधी. इथे माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, मला सकाळची गर्दी बघू दे. नावाचा घोळ होतो, कोणी माहेरचं सांगतं, कोणी सासरचं, स्पेलिंग तर विचारूच नका. पण गाव सगळे बरोबर सांगतात. म्हणाल्या, मग आपण आधी गावच शोधू. म्हणजे थोडक्यात काम होईल.’’

‘‘गाव काय तुमचं, आजी?’’ पद्मजाने विचारलं. का विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

म्हातारीने गाव सांगितलं. खणखणीत सांगितलं. पद्मजाच्या क्वेरीला त्याचा उपयोग नव्हता.

म्हणजे समजुतीलाही आता जागा उरली नव्हती. थोडक्यात वगैरे काही नाही, ती सपशेल हरलेली होती आणि जिंकल्याचे पेढे खाऊन बसली होती. परत येताना खडकीच्या सिग्नलला तिला रडू आलं. मागच्या रिक्षावाल्याने ‘‘बाई, हिरवा याहून हिरवा नाही होत,’’ असं सुनावलं तेव्हा ती भानावर आली.

ऑफिसात गेल्या गेल्या तिने भोईटे सरांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. ‘क्रमामुळे गडबड झाली’ असं ती म्हणाली. क्रम कोणी ठरवला, ते बोलण्यात आलं नाही.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘मग त्यात एवढं काय? हिराची क्वेरी तिथे बसवून टाक. डॉक्टर खूश, पेशंट खूश. जाहीर झालंय ते झालंय, हॉलंडला तुझं नाव कळवलंय मी.’’

‘‘पण हिराताई?’’

‘‘त्यांना मी सांभाळतो. पुढच्या वेळी त्याच.’’

पद्मजाने विरोध केला नाही. उलट तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी येऊनही ती मुकाट्याने बाहेर आली, हे सांगायलाच हवं.

हिराताई मागच्या पायऱ्यांवर डबा खात बसल्या होत्या. पद्मजा त्यांच्यापुढे उभी राहिली. ‘‘हिराताई, तुमची दवाखान्याची क्वेरी हवी होती. तिथे बसवायला.’’

‘‘माझ्या ड्रॉवरमध्ये फ्लॉपी आहे. वर लिहिलंय. घे,’’ त्या म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. का, कशाला, काही नाही. एखादी किल्ली मागावी आणि मिळावी, तसं.

ते मात्र पद्मजाला सोसवलं नाही. ती पायरीवर बसली आणि बोलत सुटली. तालीम केली ती संध्याकाळ, उलटसुलट चालवून पाहिलेलं, आणि सगळं माहीत असूनही उठून म्हटलेलं ते वाक्य. या वेळी तिने काही गाळलं नाही. हिराताई जेवायच्या थांबल्या.

‘‘मला त्याच वेळी कळलं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’

‘‘हरल्यावर बोलले असते तर कारणं सांगते म्हणाले असते. आधीच बोलायला हवं होतं, ते खरं. नवीन चालू केलेलं मशीन, पहिल्याला भुर्दंड पडणार, हे मला कळत नव्हतं का? मीच शिकवलं तुला. नको, आधी तिची चालवा, एवढं म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं.’’ त्यांनी डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा काढलं. ‘‘पण तू म्हणालीस, पहिला मान हिराताईंचा. आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. चांगलं हसले. ज्यांना येताजाता मान मिळतो त्यांना तो नाकारता येतो गं. मला नाही जमलं. मला बरं वाटलं, पद्मजा. इतकी वर्षं या ऑफिसात काढून, तेवढ्या एका वाक्याने मी खुलले. तुझा राग नंतर आला. आधी माझीच लाज वाटली मला. घरी कोणाला सांगितलं नाही. हरले म्हणून नाही. खुलले म्हणून.’’

पद्मजाला वाटलं, आपण जागा घेतली त्याहून हे वाईट झालं. जागा परत देता येते. या बाईला स्वतःच्या आनंदाची लाज वाटायला लावली, ते कुठल्या खिडकीवर नेऊन परत करायचं?

‘‘हिराताई, मी...’’

‘‘सॉरी म्हणू नकोस. तू सॉरी म्हटलंस की मला ‘असू दे’ म्हणावं लागेल. आणि मला ते म्हणायचं नाहीये.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘तेही मीच सांगू?’’ हिराताई उठल्या. ‘‘चारचौघांत घेतलंस, चारचौघांत ठेव.’’

सोमवारच्या मीटिंगला डॉक्टर तक्रार घेऊन स्वतः आले होते. तशाच मांडलेल्या खुर्च्या, तीच माणसं. पद्मजाने रोहनला सर्व्हर पुन्हा चालू करायला लावला आणि कोणी काही विचारायच्या आत स्वतःची क्वेरी आधी चालवली. पडदा कोराच राहिला. भोईटे सर खुर्चीत चुळबुळले. रोहनने पेन उघडलं, मिटलं. बऱ्याच वेळाने नाव आलं. मग तिने सर्व्हर पुन्हा बंद करून पुन्हा चालू करवला, म्हणजे उसन्या डब्यांचा प्रश्न नको, आणि हिराताईंची क्वेरी चालवली. त्या दिवशीसारखंच, एक बिस्किट खाऊन होईपर्यंत नाव आलं, आणि पद्मजाच्या क्वेरीपुढे तेवढा वेळ म्हणजे काहीच नव्हता.

‘‘त्या दिवशी क्रम मी ठरवला,’’ पद्मजा म्हणाली. ‘‘आधी चालवणारा हरतो, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून मी हिराताईंना पुढे केलं. तो मान नव्हता. ती लबाडी होती.’’

पद्मजाने मान खाली घातली आणि जे काही येईल ते झेलायची तयारी केली.

आल्या त्या टाळ्या.

डॉक्टरांनी वाजवल्या, मग रोहनने, मग सगळ्यांनी. ‘‘वा, याला धैर्य लागतं!’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आजकाल कोण कबूल करतं हो असं?’’ भोईटे सरांचा चेहरा खुलला होता. तक्रार मिटली, वर शोभाही झाली. ‘‘डॉक्टर, म्हणूनच हिला प्रमुख केलंय मी. कामात चूक होऊ शकते. कॅरॅक्टर महत्त्वाचं.’’

पद्मजाच्या भाषणात अजून एक वाक्य होतं. ती जागा हिराताईंना द्या, असं. रविवारभर आरशासमोर तिने सगळं म्हणून पाहिलं होतं आणि दर वेळी या वाक्याशी आली की पाणी प्यायला गेली होती. आता ते म्हणायची वेळ आली होती, आणि समोर टाळ्या चालू होत्या, आणि टाळ्या संपल्या की म्हणू, असं तिला वाटलं. टाळ्या संपल्या. डॉक्टर दुसऱ्या विषयाकडे वळले. ती अजून श्वास घेत होती.

‘‘सर,’’ हिराताई म्हणाल्या.

त्या उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, हातात कागद नव्हता.

‘‘सर, क्वेरी माझी जलद आहे, हे आत्ता सगळ्यांनी पाहिलं. जिची जलद ती प्रमुख, असं तुम्हीच म्हणाला होता. ती जागा माझी आहे. मला हवी आहे.’’

इतक्या वर्षांत त्यांनी ‘मला हवी आहे’ असं काही या खोलीत म्हटलेलं कोणाला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भोईटे सर गडबडले. त्यांनी हिराताईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि मग, माणूस वाईट नव्हता म्हणूनच की काय, पद्मजाकडे वळले.

‘‘पद्मजा, तुला चालेल ना?’’

‘‘तिला कशाला विचारता, सर?’’ हिराताई म्हणाल्या.

पद्मजाच्या ओठांवर ‘चालेल’ आलेलं होतं. छान, मोठ्या मनाचं, हसरं ‘चालेल’. ते म्हटलं असतं तर लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ती जागाही मग तिनेच हिराताईंना दिल्यासारखी झाली असती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तोंड अर्धं उघडलेलं होतं, आणि हिराताई तिच्याचकडे बघत होत्या. तिने तोंड मिटलं. तिचे कान लालबुंद झालेले सगळ्यांना दिसले, आणि तिने ते केसांखाली लपवले नाहीत.

‘‘बरोबर आहे,’’ भोईटे सर शेवटी म्हणाले. ‘‘हॉलंडला आजच कळवतो. रणपिसे मॅडम, तुम्ही इकडे पुढे येऊन बसा.’’

‘‘इथे ठीक आहे, सर,’’ हिराताई म्हणाल्या, आणि आपल्याच खुर्चीत बसून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, दवाखान्यात सकाळी मशीन नेमकं कोण चालू करतं.